महिन्याच्या बोलीवर

जून लागला की गेवराईच्या बाजारात दोन ठिकाणी गर्दी होते. कृषी केंद्रांपुढं सरकीच्या पाकिटांसाठी आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढं गुणपत्रिकांसाठी. पुष्कळदा माणसं तीच असतात. सकाळी बाप बियाण्याच्या रांगेत उभा राहतो, ऊन चढल्यावर पोरीला घेऊन झेरॉक्सच्या रांगेत येतो. यंत्रातून निघालेल्या कोमट कागदाचा वास, दुकानांच्या दारात टांगलेल्या नव्या बॅगांचा उग्र रेक्झिनचा वास, आणि कुणाच्या तरी पिशवीतून येणारा खताचा वास, हे तिन्ही एकत्र आले की माझ्यासाठी तो हंगाम सुरू होतो. आमच्याकडं याला कुणी हंगाम म्हणत नाही. मी मात्र मनातल्या मनात त्याला जाण्याचा हंगाम म्हणते.

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. बारावीचा निकाल लागला की पालक घरी येतात. चपला दाराबाहेर नीट जोडीनं काढतात, पाणी पितात, आणि विचारतात, "म्याडम, पोरीला पुण्याला टाकायचं म्हणतोय. कसं राहावं तिथं?" प्रश्न पुण्याबद्दल असतो, पण त्यांना विचारायचं असतं ते वेगळंच. आपली पोरगी तिथं टिकेल का, आणि टिकलीच तर आपली राहील का, हे त्यांना माझ्याकडं बघून ठरवायचं असतं. मी त्यांना बसच्या पासाचं सांगते, मेसचं सांगते, ओळखपत्राच्या प्रती कुठं कुठं लागतात ते सांगते. सांगता सांगता माझं मन चकलांब्याला जातं, आणि तिथून एका जुन्या जूनमधल्या पुण्याला.

चकलांबा माझं गाव. माझे आईवडील, म्हणजे माय आणि अण्णा, दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. त्या महिन्यांत मी आत्याकडं राहायचे. त्यामुळं आईबापापासून लांब राहणं मला नवं नव्हतं. नवं होतं ते मी लांब जाणं आणि त्यांनी मागं राहणं. बारावीला मला चांगले गुण पडले आणि पुण्याच्या एका कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं. अण्णांना ते फारसं पसंत नव्हतं.

"अंबाजोगाईला काय कमी हाय?" ते म्हणाले. "डॉक्टर लोक घडवतंय ते गाव. तुला घडवायला काय अवघड हाय त्याला?"

"अंबाजोगाई चांगलीच हाय," मी म्हणाले. "पण मला पुण्यालाच जायचंय."

अण्णा मायकडं वळून म्हणाले, "तू जा हिच्यासंगं. धड जागा मिळाली तर ठेवून ये. न्हाई मिळाली तर घेऊन ये. मग अंबाजोगाई."

असं ठरलं. मला प्रवेश मिळाला होता, पण वसतिगृहाच्या पहिल्या यादीत माझं नाव आलं नव्हतं. दुसरी यादी कधी लागेल, कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा माझं पुढचं शिक्षण एका खोलीवर येऊन थांबलं होतं.

पुण्याचा रस्ता मायला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. नगर ओलांडलं की ती खिडकीतून बोट दाखवून सांगू लागली, इथं आमचा ट्रक बंद पडलता, त्या वळणावर आमी चहा घेतलता, या हापशाला गोड पाणी हाय. शहराच्या कडेनं ती कितीतरी वेळा गेली होती, ट्रकमधल्या संसारावर बसून. आत मात्र कधी उतरली नव्हती. शिवाजीनगरच्या स्टँडवर पाय ठेवला तेव्हा तिनं पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "चल. आता तू म्होरं हो."

पेठेतल्या गल्ल्यांमध्ये विजेच्या खांबांवर चिकटवलेले कागद असत. मुलींसाठी कॉट बेसिस, असं लिहिलेलं आणि खाली फोन नंबर. मी ते वाचत पुढं, माय बॅग घेऊन मागं. पहिल्या घरी बाई चांगल्या बोलल्या, खोलीही दाखवली. खिडकीतून चिंचेचं झाड दिसत होतं. मला ती जागा आवडलीसुद्धा. मग त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"बीड जिल्हा," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा काही बदलला नाही, फक्त आवाज जरा आखडला. "एका मुलीला मी आधीच शब्द दिलाय. ती नाही आली तर कळवते." माझा नंबर मात्र त्यांनी विचारला नाही.

दुसरीकडं तसंच झालं. तिसरीकडं गृहस्थ स्पष्ट होते. "बीडकडचे नकोत आम्हाला. भांडणं, राडे, रोज काहीतरी ऐकतो. तुमच्याबद्दल काही नाही हो, पण नको." हे त्यांनी अगदी सौजन्यानं सांगितलं आणि दार हळूच लावून घेतलं. हल्ली बातम्यांमुळं हे फार वाढलंय म्हणतात. पण तेव्हाही होतंच.

कॉलेजच्या रांगेत माझी रेश्मा नावाच्या मुलीशी ओळख झाली होती. ती परतूरची, जालन्याकडची, एक वर्ष पुण्यात काढलेली. ती जिथं राहत होती तिथं जागा नव्हती, पण आम्ही तिच्या इमारतीखालच्या कट्ट्यावर टेकलो तेव्हा ती पाण्याची बाटली घेऊन खाली आली. आमचं ऐकून म्हणाली, "मग बीड कावून सांगती? नगर सांग की. बोलण्यावरून कुणाला कळत न्हाई. माझ्या वळखीच्या दोघी तसंच राहिल्यात."

मी विचारात पडले. उन्हानं डोकं भणभणत होतं आणि नगर हा अगदी लहान शब्द होता.

माय धपाटं मोडून माझ्या हातावर ठेवत होती. ती शांतपणे म्हणाली, "सांग की. पण मी फोन केला अन् घरमालकीण म्हणली, कुठली, ती नगरची का, तर मी काय सांगू? हो म्हणू? मग मी बी नगरची. तुझा बाप बी नगरचा. अख्खं चकलांबं उचलून नगरला न्यावं लागंल बाई."

रेश्मा हसली, मीही हसले. हसता हसता मला जाणवलं की माझी भीती थोडी सैल झालीय. मी धपाटं संपवलं, हात धुतला आणि म्हणाले, "चल माय. अजून एक गल्ली बघू."

त्या गल्लीच्या टोकाला एक जुनी तीन मजली इमारत होती. तळमजल्यावर सुमनकाकू राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, बारीक अंगाच्या, तुटक आणि स्वच्छ बोलणाऱ्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. यावेळी मी त्यांना विचारायची संधीच दिली नाही.

"मी बीड जिल्ह्यातली आहे," मी म्हणाले. "गेवराई तालुका, चकलांबा. कॉलेजात प्रवेश झालाय. तुमच्याकडं खोली आहे, असं बाहेर लिहिलंय."

काकूंनी चष्मा वर सरकवला. "बीड. नाही गं. मला एकटीला त्रास नको कसला."

"काकू, बीडच्या कुणी तुम्हाला कधी त्रास दिलाय का?"

"मला नाही. पण ऐकते ना मी."

"मग मला एक महिना ठेवून बघा. तुम्ही ऐकलेलं खरं निघालं, तर मी स्वतः बॅग उचलीन. तुम्हाला सांगावंसुद्धा लागणार नाही."

हे बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर मला वाटलं, बरोबर बोलले. काकू माझ्याकडं बघत राहिल्या, मग त्यांनी मायकडं बघितलं. माय पायरीवर बसली होती.

"आणि महिन्यानंतर मी नको म्हटलं तर?" काकूंनी तिला विचारलं.

"तर मी येऊन घेऊन जाईन," माय म्हणाली. "भांडाया न्हाई येणार. जरा पाणी मिळंल का, बाई?"

काकू आत गेल्या. पाण्याच्या तांब्याबरोबर त्यांनी गुळाचे खडेही आणले. आणि मायनं गूळ तोंडात टाकत माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं, ही बाई आता एकटी परत जाणार. जाताना तिनं तिच्या आयुष्यातला सगळा अनुभव मला स्टँडवर उभ्या उभ्या दिला. उसाच्या नव्या फडावर गेली की राहायला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालायच्या आधी ती शेजारणीशी बोलून यायची. "आधी माणूस बघून ठेवावा," ती म्हणाली. "अडलं की मग धावता येतंय." एवढं बोलून ती एस.टी.त चढली.

खोली म्हणजे जिन्याखालची जागा होती. दिवसाही दिवा लावावा लागे. भिंतीला ओलीचा वास होता आणि वरून जाणाऱ्या प्रत्येक पावलाचा आवाज माझ्या उशाशी यायचा. पण ती माझी होती, निदान महिनाभर. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा मी आधी काकूंचा हंडा भरायचे, मग माझी बादली. गावाकडं रेंज नसायची म्हणून मला फोनवर ओरडून बोलायची सवय होती. एकदा मी मायशी बोलत असताना काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगं, फोन आहे तो. चकलांब्यापर्यंत आवाज तो पोचवेल, तू नको पोचवूस." तेव्हापासून मी हळू बोलू लागले. त्याहून जास्त त्यांनी मला काही बदलायला सांगितलं नाही.

शहर मी पायांनी शिकले. पहिल्या आठवड्यात बसनं जायचे आणि त्याच रस्त्यानं चालत यायचे. कुठं औषधांचं दुकान, कुठं झाडाची सावली, कुठल्या चौकात गाड्या थांबतात आणि कुठल्या चौकात आपणच हात दाखवून थांबवायच्या, हे त्यातून कळलं. पुणं मोठं होतं ते नकाशात. रोजच्या चालण्यात ते दोन चौक, एक पूल, एक ग्रंथालय आणि एक भाजीवाली एवढंच होतं, आणि एवढ्या गावात कुणीही राहू शकतं. मी आज मुलांना हेच सांगते. पूर्ण शहर शिकायला जाऊ नका. आपल्या पायाखालचं तेवढं शिका, बाकीचं हळूहळू स्वतः येऊन भेटतं.

वर्गात पहिल्यांदा उत्तर द्यायला उभी राहिले तेव्हा मी जमिनीच्या धुपीबद्दल बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "आम्ही नदीकडं गेलतो तेव्हा..." मागच्या बाकांवरून हसू आलं. गेलतो हा शब्द कुणीतरी हळूच परत म्हटला. माझे कान तापले. पण गोदावरीचा काठ वाळू उपसल्यावर कसा खचतो, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि हसणाऱ्यांनी बघितलं नव्हतं. मी थांबले नाही. काठ कसा तुटतो, विहिरींचं पाणी कसं खाली जातं, सगळं सांगितलं. सर मध्ये बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "पुढच्या तासाला याचं चित्र काढून आण." त्या तासाला मागच्या बाकांवरचे दोघे माझ्या चित्राभोवती उभे होते. त्यांनी माफी मागितली नाही आणि मला ती नकोही होती. मला ऐकून घेतलेलं हवं होतं.

महिना संपत आला होता आणि मी निर्धास्त होत चालले होते. अशा एका रविवारी दुपारी गल्लीत गाण्याचा एवढा मोठा आवाज आला की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. मी बाहेर आले. एक पांढरी शुभ्र मोठी गाडी गल्लीच्या मधोमध उभी होती. मागच्या काचेवर आमच्याकडच्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. आणि गाडीला टेकून, पांढऱ्या कपड्यांत, काळा चष्मा लावून उभा होता माझा चुलतभाऊ विष्णुदादा.

दादा मनानं फार चांगला. गावात कुणाचंही काम असलं की पुढं. पण तालुक्याच्या राजकारणात फिरून फिरून त्याची एक पद्धत झाली होती. तो जिथं जाई तिथं आधी त्याचा आवाज पोचायचा. मला बघितल्यावर त्याचा चेहरा फुलला. "आलो बघ. म्हणलं, एकदा गल्लीला कळू दे की हिच्या मागं माणसं हायत. कुणी तरास देत न्हाई ना?"

मी उत्तर देण्याआधीच शेजारचे गृहस्थ स्कूटर घेऊन आले. "गाडी जरा काढता का? मला बाहेर जायचंय."

"थांबा की जरा," दादा म्हणाला. "कुटं पळून चाललीय तुमची स्कूटर?"

गाडीतून त्याच्या मित्रानं विचारलं, "विष्ण्या, गाणं बंद करू का बे?"

"राहू दे बे."

मी वर पाहिलं. खिडक्यांमधून लोक बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता. आपल्याला हे माहीतच होतं, असे ते चेहरे होते. सुमनकाकू त्यांच्या दारात उभ्या होत्या, हाताची घडी घालून. मला वाटलं, महिनाभर भरलेले सगळे हंडे आता या गल्लीत सांडणार.

मी दादाजवळ गेले. आवाज चढवला नाही. "दादा, गाणं बंद कर. गाडी काढ. मोठ्या रस्त्याला लावून ये."

"अगं, तुझ्यासाठीच आलोय ना एवढ्या लांब."

"माझ्यासाठी आलास तर माझ्यासाठीच काढ. तू संध्याकाळी गावाकडं जाशील. मला इथं राहायचंय."

त्यानं चष्मा काढला. त्याच्या डोळ्यांत दुखावल्याचं दिसलं, आणि मला वाईटही वाटलं. पण मी बाजूला झाले नाही. तो गाडीत बसला. गाणं थांबलं, गाडी मागं मागं जात गल्लीबाहेर गेली. स्कूटरवाले गृहस्थ माझ्याकडं बघून मान हलवून गेले. मी तशीच उभी राहिले. दादा आता रागानं तसाच निघून जाईल आणि गावात सांगेल की पोरगी शहराची झाली, असं मला वाटत होतं.

थोड्या वेळानं तो चालत आला. एकटाच. खांद्यावर बाजरीच्या पिठाचं गाठोडं, हातात मायनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. पांढऱ्या सदऱ्यावर पिठाचा पट्टा उमटला होता. त्यानं वाटेत स्कूटरवाल्यांना गाठून, "काका, चुकलं, आपल्याला गल्लीचं कळलं न्हाई," असं सांगितलं होतं, हे मला नंतर समजलं. काकूंच्या दारात येऊन त्यानं चपला काढल्या आणि म्हणाला, "नमस्कार. मी हिचा भाऊ. पीठ कुटं ठेवू?"

काकूंनी हाताची घडी सोडली. "आत ठेवा. चहा घेणार ना?"

चहाबरोबर त्याच्या गप्पा रंगल्या. काकू त्याला टेलिफोनच्या जुन्या दिवसांबद्दल सांगत होत्या. गेवराईला ट्रंककॉल लावायला किती खटपट करावी लागायची, हे त्यांच्या अजून लक्षात होतं. दादा गुडघ्यावर हात ठेवून शाळेतल्या मुलासारखा ऐकत होता. मी स्वयंपाकघरात कपबशा धुवत होते आणि मला आतून फार स्थिर वाटत होतं. त्या दिवशी मी माझ्या गावाला शहरासमोर लपवलं नाही आणि शहरासाठी गावाला हाकलूनही दिलं नाही. दोघांना एका खोलीत चहा प्यायला बसवलं. एवढं जमलं, तर पुढचंही जमेल, असं मला वाटलं. आणि तसंच झालं.

महिना भरला त्या सकाळी मी कपडे बॅगेत घातले, खोली झाडली आणि बॅग घेऊन काकूंपुढं उभी राहिले.

"कुठं निघालीस?" काकू तांदूळ निवडत होत्या.

"महिना झाला, काकू. तुम्ही काय ते सांगा."

त्यांना आठवायला वेळ लागला. मग त्या हसल्या, चष्म्याआडचे डोळे बारीक करून. "मी विसरलेच होते बघ. बरं, बॅग भरलीच आहेस, तर ती वर घेऊन जा. दुसऱ्या मजल्यावरची खोली मी रिकामी करून घेतलीय. तिथं उजेड आहे. जिन्याखाली अभ्यास होत नाही."

मी बॅग वर नेली. खिडकी उघडली आणि किती तरी वेळ उन्हात नुसती उभी राहिले. मग अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं." मग म्हणाले, "खिडकी हाय म्हणती? मग पडदा लागंल. मायला सांगतो."

शिक्षण पूर्ण होईपर्यंत मी त्याच खोलीत राहिले. माझ्यानंतर आमच्या भागातल्या मुली तिथं राहत गेल्या. काकू आता थकल्यात, गुडघे दुखतात, पण निकाल लागला की त्यांचा फोन येतोच. "यंदा कोण येतंय गं?" दादा दर जूनला गावातली पोरं पुण्याला सोडतो. गाडी मोठ्या रस्त्याला लावतो आणि बॅगा खांद्यावर घेऊन गल्लीत येतो.

यंदा माझी एक विद्यार्थिनी निघाली. सानिका तिचं नाव. गेवराईच्या अलीकडच्या वस्तीवरची, आईबाप अजून तोडीला जातात. मी तिला काकूंचं नाव सांगितलं, दादाच्या गाडीचं सांगितलं, एस.टी.नं गेलीस तर शिवाजीनगरला उतर म्हणाले. ती ऐकून घेत म्हणाली, "म्याडम, स्टँड आता वाकडेवाडीला हाय. अन् खोली मी बघितलीय फोनवर, त्या ताईशी बोलले बी. तुमच्या काकू राहू द्या. आधी माझं मला बघू द्या." मला क्षणभर लागलं. माझं पुणं जुनं झालं होतं आणि ते मला हिच्याकडून कळत होतं. मग वाटलं, आपण शिकवलं ते हेच असावं.

तरीही मी तिला सोडायला स्टँडवर गेले. खिडकीखाली उभी राहून सांगायचं काय काय राहिलं ते आठवत होते. आजारी पडलीस तर लगेच कळव, पहिल्या परीक्षेत कमी पडले तर घाबरू नको, जेवण टाळू नको. सानिकाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंचं गाठोडं वरच्या फळीवर बसवत होती.

"पोरी, मला नगरला उतरायचंय," त्या बाई म्हणाल्या. "कळंल का मला?"

"बिनघोर झोपा, आजी," सानिका म्हणाली. "मी उठवते तुमाला."

कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली. ती त्या रस्त्यानं पहिल्यांदाच चालली होती.